एका छिद्राची कथा

विमानाच्या अपघाताची वार्ता वर्तमानपत्रात आली, की आपण सारे ती एकाच रीतीने वाचतो. प्रथम गावाचे नाव पाहतो, मग मृतांचा आकडा पाहतो, आणि आपल्या ओळखीचे कोणी त्या बाजूला नव्हते अशी खात्री पटली, की चहाचा पेला पुढे ओढतो. दोन दिवस चर्चा चालते. कोणी वैमानिकाला बोल लावतो, कोणी यंत्राला, कोणी दैवाला. तिसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्र रद्दीत जाते. त्या अपघाताची खरी कथा मात्र तोपर्यंत कोणालाच ठाऊक झालेली नसते. ती पुढे वर्षा-दीड वर्षाने चौकशीच्या अहवालात लिहिली जाते, आणि त्या वेळी वाचक दुसऱ्याच वार्तेकडे वळलेले असतात.

मी कलाशाखेची पदवीधर. शाळेत मराठी आणि इतिहास शिकविते. यंत्रांशी माझे सख्य घरातल्या शिवणयंत्रापलीकडे कधी गेले नाही. तरीही असे अहवाल वाचण्याचा छंद मला जडला आहे, आणि तो इतिहासामुळेच जडला असे मला वाटते. ‘पानिपतच्या पराभवाची पाच कारणे लिहा’ असा प्रश्न आम्ही परीक्षेत घालतो, आणि मुले पाच क्रमांक टाकून पाच ओळी लिहितात. त्या ओळी खऱ्याच असतात. पण एका कारणातून दुसरे कसे निघाले, कोणते कारण किती वर्षे आधी पेरले गेले होते, आणि ते उपटून टाकण्याची संधी कोणाला कितीदा मिळाली होती, हे त्या क्रमांकांतून कळत नाही. अपघाताचा चांगला अहवाल नेमके तेच सांगतो. तो शेवटच्या क्षणापासून आरंभ करतो आणि पावलांचे ठसे पाहत मागे मागे जातो. अशाच एका अहवालात मला एका छिद्राची कथा सापडली. ती ह्या अंकाच्या वाचकांना सांगावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्याच्या पश्चिम कडेला पेन्साकोला नावाचे शहर आहे. ६ जुलै १९९६, शनिवार, दुपारी दोन वाजून चोवीस मिनिटांची वेळ. डेल्टा एअरलाइन्सचे १२८८ क्रमांकाचे विमान तेथून अटलांटाला निघाले होते. विमान एमडी-८८ जातीचे. ह्या विमानांची दोन्ही इंजिने पंखांखाली नसतात. ती शेपटीजवळ, मागच्या आसनांच्या दोन्ही अंगांना बसविलेली असतात. आत १३७ प्रवासी आणि ५ कर्मचारी होते. वैमानिकांनी इंजिनांचा जोर वाढविला, विमान धावू लागले, आणि ती धाव जेमतेम सुरू झाली असेल तोच डाव्या इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या पंख्याचा मधला भाग फुटला. त्याचे तुकडे इंजिनाचे कवच भेदून विमानाच्या मागील भागात घुसले. विमान अजून जमिनीवरच होते. वैमानिकांनी ते धावपट्टीवरच थांबविले. १४२ जणांपैकी १४० जण वाचले; त्यांतील दोघांना गंभीर दुखापत झाली. जे दोघे वाचले नाहीत, ती एक आई आणि तिचा मुलगा होती.

वर्तमानपत्री हिशेबाने हा अपघात लहानच म्हणावयाचा. विमान कोसळले नाही, समुद्रात बुडाले नाही, जळून खाकही झाले नाही. परंतु मला तो विसरता येत नाही, तो ह्याच कारणामुळे. वादळ नव्हते, धुके नव्हते, वैमानिकाच्या हातून काही प्रमाद घडला नव्हता. आपल्या जागेवर बसलेल्या दोन प्रवाशांजवळ मृत्यू आला, आणि तो आला कोठून, तर सात वर्षांपूर्वी दुसऱ्या खंडात पाडलेल्या एका छिद्रातून.

हे कसे घडले ते समजून घ्यावयाचे, तर इंजिनाच्या पोटात थोडेसे डोकवावे लागेल. भिण्याचे कारण नाही. मला समजले ते कोणालाही समजेल. विमानाचे इंजिन समोरून हवा ओढून घेते, ती दाबते, त्या दाबलेल्या हवेत इंधन जाळते, आणि तापलेला वायू मागच्या बाजूने जोराने फेकते. हवा ओढून घेणारा जो पंखा तोंडाशी असतो, त्याची रचना बैलगाडीच्या चाकासारखी मनात आणावी. चाकाला मध्ये तुंबा असतो आणि त्या तुंब्यात आरे ठोकलेले असतात. पंख्यालाही मध्ये धातूचा तुंबा असतो आणि त्याच्या कडेला पाती बसविलेली असतात. हा तुंबा त्याच्या मागील चक्रांशी लांब लांब बोल्टांनी जखडलेला असतो. पेन्साकोलाच्या विमानातील तुंब्याला ह्या बोल्टांसाठी २४ छिद्रे होती आणि ताण सारखा वाटला जावा म्हणून त्यांच्या मधूनमधून आणखी २४ छिद्रे पाडलेली होती. बोल्टाचे प्रत्येक छिद्र सुमारे अर्धा इंच रुंद आणि जवळजवळ तीन इंच खोल.

आता हे चाक मिनिटाला हजारो फेरे घेते. शेतात पाखरे हाकणाऱ्याच्या हातात गोफण पाहिली असेल, तर त्याचा अर्थ उमगेल. गोफण फिरत असते तोवर आतला दगड बाहेर सुटू पाहत असतो आणि दोरी त्याला आत ओढून धरते. पंख्याचे प्रत्येक पाते म्हणजे असा एक दगड आहे, आणि सर्वांची दोरी तो एकटा तुंबा आहे. एखादे पाते तुटले, तर ते आतच अडवून धरण्याइतके इंजिनाचे कवच बळकट असावे असा नियम आहे. पण खुद्द तुंबाच फुटला, तर त्याचे तुकडे अडवील असे कवच करावयाचे म्हणजे ते इतके जड होईल, की त्याला घेऊन विमानाला उडताच येणार नाही. म्हणून तुंब्याच्या बाबतीत अभियंते वेगळाच नियम पाळतात: तो फुटताच कामा नये. त्याने किती उड्डाणे करावी ह्याची मर्यादा ठरवून दिलेली असते आणि ती भरली, की दिसावयास कितीही धडधाकट असला तरी तो मोडीत काढतात. ह्या तुंब्याची मर्यादा २०,००० उड्डाणांची होती. तो फुटला तेव्हा त्याची १३,८३५ झाली होती. म्हणजे वयाने तो तरुणच होता.

हा तुंबा टायटेनियमच्या मिश्रधातूचा. टायटेनियम हलका आणि बळकट असतो, गंजत नाही. विमानांच्या कामी तो फार मोलाचा. परंतु त्याचा एक स्वभावदोष आहे: तो उष्णता लवकर पसरू देत नाही. तांब्याच्या पळीचे एक टोक निखाऱ्यावर धरले, तर दुसऱ्या टोकाला आपला हात पोळतो, कारण उष्णता सगळ्या पळीभर धावते. टायटेनियममध्ये ती जेथे उत्पन्न झाली तेथेच कोंडून राहते. म्हणून त्याला भोक पाडताना फिरत्या सामत्याच्या टोकापर्यंत थंड करणारा द्रव सतत पोहोचवावा लागतो आणि निघणारा धातूचा कीस सतत बाहेर काढावा लागतो.

ह्या तुंब्याला छिद्रे पाडण्याचे काम प्रॅट अँड व्हिटनी ह्या इंजिन बनविणाऱ्या कंपनीसाठी स्वीडनमधील व्होल्वोच्या कारखान्यात झाले. एक छिद्र पाडीत असताना कधी तरी काही क्षण असे आले, की सामत्याचे टोक मोडले वा झिजले, कीस आत साचून बसला, आणि द्रव तेथवर पोहोचेना. त्या इवल्याशा जागेत धातू भयंकर तापला. तापून त्याची घडण बदलली. मऊपणा जाऊन तो कठीण आणि ठिसूळ झाला, आणि त्यात शिडीच्या पायऱ्यांसारख्या बारीक बारीक चिरा पडल्या. छिद्र नंतर आतून कातून साफ केले जाते. पण जखम त्या कातण्याहून खोल गेली होती. वरून छिद्र इतर तेवीस छिद्रांसारखेच दिसत होते.

माझा एक जुना विद्यार्थी आता एका कारखान्यात यंत्रावर काम करतो. तो भेटावयास आला होता, तेव्हा मी त्याला ही हकीकत सांगितली. शाळेत असताना निबंधाचा तास आला, की हा मुलगा खिडकीबाहेर पाहत बसे; पण ह्या विषयावर तो अर्धा तास असा बोलला, की मी ऐकतच राहिले. भोक पाडताना कीस अडकला तर ते डोळ्यांना दिसत नाही, असे तो म्हणाला. आवाज बदलतो; हाताखालची थरथर बदलते. ज्याला ते कळते तो हात मागे घेतो, कीस झाडतो आणि मग पुढे जातो. ज्याला घाई असते तो दाबून पुढे जातो. “यंत्र उलयता, बाई. आयकूंक जाय,” असे तो आमच्या कोंकणीत म्हणाला. यंत्र बोलते, ऐकावयास हवे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण मुलांना सांगत असतो. पण घाव घालणाऱ्याचे कान जागे नसले, तर देवपण येण्याऐवजी मूर्तीत चीर पडते, हे त्या मुलाने मला शिकविले.

कोणी म्हणेल, चूक झाली तर झाली, ती पकडावयास तपासणी असतेच. अगदी खरे, आणि येथूनच कथा खरी गंभीर होते, कारण हे छिद्र तपासणीतून एकदा नव्हे, दोनदा सुटले.

पहिली तपासणी कारखान्यातच झाली. तयार झालेला तुंबा एका रासायनिक प्रक्रियेतून काढीत. तीत धातूवर निळसर छटा येई आणि घडण बिघडलेली असेल तेथे रंगात फरक दिसे. तपासनिसांपुढे सदोष नमुन्यांची चित्रे ठेवलेली असत. त्यांच्याशी ताडून पाहावयाचे. जुळले तर वस्तू बाद, न जुळले तर पुढे. अहवाल म्हणतो, की ह्या छिद्रातील बिघाड त्या पद्धतीने दिसण्यासारखा होता. परंतु त्याचे स्वरूप ठेवलेल्या चित्रांपैकी एकाशीही जुळत नव्हते. म्हणून ते छिद्र नाकारले गेले नाही.

हे वाचताना मी थबकले. आम्ही शिक्षकही नमुना-उत्तरे पुढे ठेवून पेपर तपासतो. नमुना हवाच, त्यावाचून शंभर उत्तरपत्रिकांना एकच माप लागणार नाही. पण ज्या चुकीचे चित्र पूर्वी कोणी काढून ठेवलेले नाही, ती चूक समोर असूनही चूक म्हणून ओळखू येत नाही. पाहणे आणि ओळखणे ह्या दोन निराळ्या क्रिया आहेत. डोळा पहिली करतो. दुसरी करावयास मन मोकळे असावे लागते.

१९९० साली तो तुंबा कामाला लागला, आणि अहवालाच्या शब्दांवर विश्वास ठेवावयाचा तर जवळजवळ त्याच दिवसापासून चीर वाढू लागली. दर उड्डाणाला पंखा जोराने फिरे, तुंब्यावर ताण येई; विमान उतरे, ताण जाई. धातू अशा ये-जा करणाऱ्या ताणाने थकतो. हा ‘थकवा’ शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही; शास्त्रज्ञही तोच शब्द वापरतात. आमच्या पावसाळी मुलखात छत्रीची काडी कशी तुटते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. ती एका दिवशी वाऱ्याने तुटली असे आपण म्हणतो. पण वाऱ्याने केवळ शेवटचा धक्का दिलेला असतो. शेकडो वेळा उघडताना-मिटताना ती एकाच सांध्याशी थोडी थोडी तुटत आलेली असते. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण बचतीच्या संदर्भात वापरतो. ती भेगेलाही तितकीच लागू आहे. एकेका उड्डाणात ती चीर डोळ्यांना न दिसण्याइतकी पुढे सरके. हजारो वेळा ती सरकली. हजारो वेळा प्रवासी सुखरूप उतरले, नातलगांना भेटले, सामान घेऊन घरी गेले. ते विमानात होते तेवढा वेळ ती चीरही त्यांच्यासंगे प्रवास करीत होती, हे त्यांतील एकालाही कळण्याचा मार्ग नव्हता.

दुसरी तपासणी ऑक्टोबर १९९५ मध्ये विमान-कंपनीच्या कार्यशाळेत झाली. ही रीत मोठी चातुर्याची आहे. तुंबा स्वच्छ धुऊन वाळवितात. मग त्यावर एक चमकणारा द्रव लावतात. तो बारीकसारीक चिरांत शिरतो. वरचा द्रव धुऊन टाकतात आणि टिपकागदासारखी शोषून घेणारी भुकटी फवारतात. चिरेत लपलेला द्रव त्या भुकटीत वर येतो. मग अंधाऱ्या खोलीत जंबुपार, म्हणजे हल्लीच्या पुस्तकांतील अतिनील, किरणांचा दिवा धरला, की चीर असेल तेथे हिरवट पिवळी रेघ उजळून दिसते. त्या दिवशी चीर पुरेशी मोठी झालेली होती. ती सापडण्याजोगी होती, असा चौकशी-मंडळाचा स्पष्ट निष्कर्ष आहे. ती सापडली नाही. तुंबा निर्दोष ठरून पुन्हा इंजिनात बसला, आणि त्यानंतर त्याची १,१४२ उड्डाणे झाली.

का सापडली नाही? धुण्या-वाळविण्यात कसर राहून चिरेत पाणी उरले असेल, तर द्रव आत शिरलाच नसेल. भुकटी सर्वत्र नीट बसली नसेल. किंवा रेघ उजळली असेल आणि डोळा तिच्यावरून निसटला असेल. एवढा मोठा तुंबा, त्याच्या कडेच्या खाचा, त्याची अठ्ठेचाळीस छिद्रे, हे सर्व अंधारात, हातातल्या दिव्याने, एकट्याने न्याहाळावयाचे. कोणता भाग पाहून झाला आणि कोणता राहिला, ह्याची खूण ठेवण्याची ठरलेली पद्धतही नव्हती. आणि ह्या सर्वांवर कळस म्हणजे, तुंब्यात चीर सापडते हा अनुभवच जवळजवळ कोणाला नव्हता. जी वस्तू सापडेल अशी अपेक्षाच नाही, ती शोधणाऱ्याचा डोळा कसा चालतो?

ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्या आजीला ठाऊक होते. ती रोज दुपारी सुपात उकडे तांदूळ घेऊन निवडावयास बसे. त्या वेळच्या तांदळात खडे फार असत. प्रत्येक मुठीत एखादा तरी सापडे, आणि सापडे म्हणूनच डोळा जागा राही. पुढे बाजारातून निवडलेले स्वच्छ तांदूळ येऊ लागले. घरात सूप खाली उतरेनासे झाले. घाईघाईने ताटलीत पसरून नजर टाकली, की झाले. आजी म्हणे, “खडे होते तेव्हा दात शाबूत होते, खडे गेले आणि दात पडावयाची वेळ आली.” शंभर दिवसांत एक खडा निघतो, पण तो नेमका दाताखाली येतो, कारण नव्याण्णव दिवसांनी डोळ्याला झोपावयास शिकविलेले असते. हुशार मुलाची वही तपासताना कोणत्याही शिक्षकाचा लाल पेन असाच अलगद घसरत जातो. ‘हा चुकणार नाही’ असे मनाने आधीच ठरविलेले असते, आणि मनाने ठरविले ते डोळा मुकाट्याने मान्य करतो. यंत्रे जितकी चांगली होत जातील तितके त्यांतले दोष विरळ होतील, आणि दोष जितके विरळ तितके ते शोधणे अवघड. हा पेच कोणत्याही एका कारखान्याचा नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. पेन्साकोलाच्या आधी सात वर्षे, १९ जुलै १९८९ रोजी, अमेरिकेतल्याच सू सिटी येथे युनायटेड एअरलाइन्सचे एक मोठे विमान कोसळले होते. त्याच्याही शेपटीतील इंजिनाच्या पंख्याचे टायटेनियमचे चक्र हवेत असताना फुटले होते. तेथे दोष छिद्र पाडताना आलेला नव्हता. तो धातूच्या घडणीतच होता. पण त्यातून वाढलेली चीर त्याच चमकत्या द्रवाच्या तपासणीत निसटली होती, आणि विमानातील २९६ जणांपैकी शंभराहून अधिक माणसे मरण पावली होती. तपासनीस हाही माणूस आहे, त्याच्या डोळ्याला मर्यादा आहेत, असे त्या वेळच्या अहवालात स्पष्ट लिहिले गेले. म्हणजे धडा फळ्यावर लिहिलेला होता. तो सर्वांच्या वहीत उतरला नव्हता.

मग दोष कोणाचा? मुलांना ही हकीकत सांगितली, की हाच प्रश्न प्रथम येतो. वर्गातली काच फुटली, तरी ‘कोणी फोडली?’ हाच आपला पहिला प्रश्न असतो. विमान-अपघातांच्या चौकशीत मात्र वेगळी प्रथा आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान-वाहतूक संघटनेने १९५१ साली प्रथम स्वीकारलेल्या एका परिशिष्टात ह्या चौकशीचे नियम आहेत, आणि त्यांत म्हटले आहे, की चौकशीचा हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे, कोणावर ठपका ठेवणे हा नाही. ह्यामागील विचार व्यवहाराचा आहे. शिक्षेची भीती असली, की माणूस गप्प बसतो. आणि माणूस गप्प बसला, की कारण गप्प बसते. मागचा दोष उघड झाला नाही, तर पुढच्या विमानातील प्रवाशांचे काय?

हा विचार मला पटतो. तरीही मनाचा एक कोपरा अस्वस्थच राहतो. त्या आईचे आणि मुलाचे घरी कोणी असेल. त्या माणसाला ‘ठिसूळ झालेला धातू’ हे उत्तर पुरे वाटेल काय? ‘कसे झाले?’ हा प्रश्न जगाच्या कल्याणाचा आहे, ‘कोणी केले?’ हा दुःखी माणसाचा आहे, आणि दुःखी माणसाचा प्रश्न अडाणीपणाचा म्हणून झिडकारता येत नाही. जानेवारी १९९८ मध्ये मंडळाने आपला निष्कर्ष दिला, तेव्हा त्याने ह्या दोन्ही प्रश्नांना एका वाक्यात जागा दिली, असे मला वाटते. दंड कोणाला ठोठावला नाही. पण छिद्र कोणाच्या कारखान्यात बिघडले, कोणासाठी ते पाडले जात होते, आणि चीर कोणाच्या तपासणीत सुटली, हे नावानिशी लिहिले. झाकून काही ठेवले नाही. न्यायाचे ते संपूर्ण रूप नसेल. परंतु जेथे निदान सत्य सांगितले जाते, तेथे दुःखाला उभे राहावयास जागा मिळते.

ह्या चौकशीतून पुष्कळ निष्पन्न झाले. नमुन्याच्या चित्रांत ह्या नव्या प्रकारच्या दोषाची भर पडली. कामावर असलेल्या तशा तुंब्यांच्या छिद्रांची विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने तपासणी करण्याचा आदेश निघाला. छिद्र पाडणे ह्या क्रियेकडे, जी सर्वांत साधी समजली जात होती, अधिक आदराने पाहिले जाऊ लागले. तथापि कथा संपली असे म्हणवत नाही. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी शिकागोच्या विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सच्या विमानाचे एक चक्र उड्डाणासाठी धावत असतानाच फुटले. ह्या वेळी धातू निकेलचा होता आणि दोष त्याच्या ओतकामातून आत दडून आलेला होता. इंधनाने पेट घेतला. पण विमान थांबले आणि आतील १७० जण जिवंत बाहेर पडले. धातू बदलतो, दोषाची जागा बदलते. पाहणाऱ्याच्या डोळ्यापुढचे काम तेच राहते.

मी व्याकरण शिकविणारी असल्यामुळे शेवटी एका शब्दाविषयी लिहिते. आपल्या वह्यांवर, हिशेबांवर, यंत्रांच्या कागदांवर सर्वत्र एक शब्द लिहिलेला असतो: ‘तपासले’. क्रियापद मोठे विचित्र आहे. त्यात क्रिया आहे, ती पूर्ण झाली असे आश्वासन आहे; पण ती कोणी केली ते सांगितलेले नाही. प्रयोग ओळखा असे विचारले, तर मुले चटकन उत्तर देतात. कर्ता कोण असे विचारले, की वर्ग शांत होतो. कर्ता अध्याहृत आहे, असे आपण म्हणतो आणि पुढच्या वाक्याकडे वळतो. वस्तुतः कर्ता त्या शब्दाच्या खालीच असतो. ती जी सही असते ना, तोच त्या वाक्याचा कर्ता.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांतील कोणी उद्या औषधाच्या बाटलीवर सही कराल, कोणी पुलाच्या कागदावर, कोणी रोजच्या धावणाऱ्या बसच्या ब्रेकवर. बहुतेक दिवशी तुम्हांला काहीही सापडणार नाही. आणि त्या रिकाम्या दिवसांतच तुमची परीक्षा असेल, कारण ज्यांच्यासाठी तुम्ही पाहत असाल ती माणसे तुम्हांला कधी भेटणार नाहीत. ती खिडकीजवळची जागा मिळाली म्हणून आनंदात असतील, किंवा शेजारी बसलेल्या मुलाला पाणी देत असतील. त्यांनी तुमचे नाव ऐकलेलेही नसेल. सही करण्यापूर्वी त्यांच्यासाठी एकवार पुन्हा दिवा धरा.